धाकटा वाहवत चाललाय: पोलिसांकडे जायचं की नाही?

आम्ही कल्याणचे. मे 2014 मध्ये इथलीच चार पोरं आयसिस या दहशतवादी संघटनेत सामील व्हायला इराकला गेली. एक नोव्हेंबरात परतला आणि पकडला गेला, पण उच्च न्यायालयाने त्याचा जामीन कायम केला तो थेट फेब्रुवारी 2021 मध्ये. म्हणून आमचा धाकटा भाऊ बदलला तेव्हा आईचं जेवणच तुटलं. तो कोणत्या बाजूचा ते मी इथे सांगत नाही. ‘त्यांना धडा शिकवायला हवा’ हे सगळ्याच बाजूंना पाठ असतं.

आधी लिहून काढा. कालनिर्णयवर जिथे दुधाचा हिशेब असतो, तिथेच मी त्याचे शब्द जसेच्या तसे टिपत गेले. महिन्याने वाचलं तर बहुतेक चौकोनांत नुसता राग: शिव्या, व्हिडिओ, ताटावरून उठणं. तीन नोंदी वेगळ्या होत्या. तातडीचा पासपोर्ट, विकलेली बाईक, आणि ‘दिवाळीनंतर मी इथे नसेन’. (असं माणूस जिवाला कंटाळूनही बोलतो, हे मला उशिरा सुचलं. त्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे.) रागाशी घरात भांडता येतं. पैसा, प्रवास आणि तारीख एकत्र आली की घर पुरत नाही. हत्यार किंवा ठिकाण कानावर आलं, तर वकीलबिकील नंतर, आधी 112.

तेवढी घाई नसेल तर आधी वकील. बाईमाणसाला मिळकत कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. आमच्या वकीलबाईंनी आडपडदा ठेवला नाही: यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) लागला तर आरोपपत्राविना 180 दिवसांपर्यंत कोठडी, जामीन महाकठीण. आणि दहशतवाद्याला लपवलं तर नवरा-बायकोला सूट, आईला आणि बहिणीला नाही.

त्याचा मोबाइल फोडू नका, काही पुसू नका. पोलीस ठाण्यात एकटीने जाऊ नका. मी मामाला आणि वकीलबाईंना नेलं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तो काय म्हणाला, काय विकलं, एवढंच लिहा. ‘अतिरेकी’ हा शब्द आपण होऊन कागदावर आणू नका. मी पहिल्या मसुद्यात आणला होता, वकीलबाईंनी खोडला.

आणि त्याला तुम्हीच सांगा, त्याच दिवशी. माझी पोच त्याला तांदळाच्या डब्यात सापडली. सात महिने माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, कामापुरतं.