घाम आला म्हणजे ताकद आली असं नसतंय: पळणाऱ्यांनो, घरच्या स्ट्रेंथच्या व्यायामात या चुका टाळा

जुलै महिना, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकायला आलेली, रंकाळ्यावर पहाटे छत्री घेऊनसुद्धा कोण फिरकत नाही, आणि आमच्या हॉलमध्ये फॅन फुल करून मी बैठका मारतोय, एकशे सत्तर, एकशे एकाहत्तर... दोनशे झाल्या की पन्नास जोर, मग तीन मिनिटं प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून थांबणं), फरशीवर घामाचं डबकं आणि डोक्यात एकच की पाऊस असू दे नाहीतर पूर, आपली ताकद वाढतीय. तीन महिने केलं हे, एक दिवस न चुकता. ऑक्टोबरात उघडीप मिळाल्यावर पन्हाळ्याला पळत गेलो, चढ कसातरी काढला, पण उतरताना वाघबीळला पोचेपर्यंत मांड्या अशा थरथरायला लागल्या की रस्त्याकडेच्या दगडावर बसलो आणि मित्राला फोन लावला, भावा गाडी घेऊन ये.

चूक कुठं झाली ते कळायला मला वर्ष गेलं. तुम्हाला इथंच सांगतो.

रेप्स (म्हणजे व्यायामाचा आकडा) वाढवत बसणं, ही सगळ्या चुकांची आई

साधा हिशोब घाला. माणूस साठ किलोचा धरा. दोन पायांवर बैठक मारताना एका पायाच्या वाट्याला येणार साधारण तीस किलो. तोच माणूस पळतो तेव्हा प्रत्येक पावलाला एका पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार येतोय, म्हणजे सव्वाशे ते पावणेदोनशे किलो. आणि किलोमीटरला साधारण हजार पावलं धरली तर रंकाळ्याच्या एका फेरीत चार हजारांच्या वर पावलं झाली, एका पायाला दोन हजार. आता मला सांगा, जो पाय रोज सकाळी दोन हजार वेळा सव्वाशे किलो झेलतोय त्याला संध्याकाळी तीस किलोच्या दोनशे बैठका देऊन नवीन काय शिकवलं? काय नाही. दम वाढतोय थोडा, पण दम तर पळून पण वाढतोयच की, त्यासाठी घरात फरशी ओली करायची काय गरज.

यावर गल्लीत हमखास एक जण म्हणणार, मग पैलवान कशाला हजार हजार बैठका मारतात? पेठेपेठेत तालीम असलेलं आपलं गाव, हा प्रश्न येणारच. तर पैलवान नुसत्या बैठकांवर तयार होत नाही हो. तो आखाड्याची माती फावड्यानं उकरतो, जोडीदाराला खांद्यावर घेऊन उठबस करतो, दोर चढतो, आणि संध्याकाळी ऐंशी-नव्वद किलोचा गडी त्याच्या अंगावर असतोय. वजन त्याला तिथं मिळतंय, बैठका त्याला दमसासासाठी लागतात. आपलं नेमकं उलटं आहे. आपल्याकडं दम आहे, वजन कधी उचलत नाही. म्हणून पैलवानाच्या व्यायामातला जो भाग आपल्याला लागतो तो सोडून आपण नेमका नको तो उचललाय.

मग करायचं काय, तर व्यायाम इतका अवघड करायचा की 6 ते 15 रेप्समध्येच विषय संपला पाहिजे. म्हणजे सेट (न थांबता सलग मारलेल्या रेप्स) संपताना आणखी दोन-तीन कशाबशा निघतील, त्याच्या पुढं नाही, असं वाटलं पाहिजे. पंचवीस-तीस आरामात निघत असतील तर तो व्यायाम तुमच्यासाठी सोपा झालाय, आकडा वाढवू नका, प्रकार बदला. घरात हे जमतंय. दोन पायांचं एका पायावर आणा, मागचा पाय दिवाणावर ठेवून पुढच्या पायावर खाली बसा. खाली जाताना मनात तीन मोजा, तळाला एक सेकंद थांबा, झटका न देता वर या. नुसतं एवढं केलं तरी दोनशेवाला माणूस आठला गप्प होतोय, मी स्वतः सहाला झालो. तेही सोपं झालं की पाठीवरची सॅक घ्या आणि भरा, एक लिटरची पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. मी तांदूळ भरतो, दहा किलो, पिशवीत बांधून सॅकमध्ये. सॅक पाठीला न लावता छातीशी कवटाळून धरली तर कंबर आपोआप सरळ राहते. पहिल्यांदा गच्चीवर हे करताना शेजारच्या काकूंनी बघितलं आणि आईला विचारलं, तुमचा मुलगा तांदळाची पिशवी मिठीत घेऊन उठबशा का काढतोय, काय शिक्षा केलीय काय.

खुर्चीचं तेवढं सांगतो, मागचा पाय प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवू नका. एकतर ती घसरते नाहीतर उलटी होते. माझी घसरली, टीपॉयचा कोपरा नडगीला लागला आणि आठ दिवस लंगडत होतो. दिवाण किंवा भिंतीला टेकवलेलं जड बाकडं चालतंय.

दोन सेटच्या मध्ये बसवत नाही

पळणाऱ्या माणसाचा हा रोगच आहे, थांबलं की अपराधी वाटतंय. मग तीस सेकंदांचा टायमर लावून एकामागं एक सर्किट, मध्ये उड्या, बर्पी, हार्टरेट एकशे सत्तर, आणि घड्याळ म्हणतंय जबरदस्त वर्कआउट. तो कार्डिओ झाला, म्हणजे दमाचा व्यायाम. अवघड सेटनंतर दोन मिनिटं बसा, अगदी पाय पसरून. पुढच्या सेटला परत तेवढीच ताकद लागली पाहिजे, दम लागल्यामुळं सेट सुटला तर त्यात स्नायूचं काम अर्धंच झालेलं असतंय. तुम्हाला बसवतच नसेल तर मधल्या वेळात हाताचं काहीतरी करा, पायाला विश्रांती मिळाली म्हणजे झालं. चार-पाच व्यायाम, प्रत्येकी तीन सेट, चाळीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा. बस्स. रोज करायची गोष्टच नाही ही, रोज जमतंय म्हणजे तुम्ही हलकं करताय असं समजा.

पोटरीकडं कुणी बघत नाही

मांड्या आणि पोट सगळे करतात, कारण तिथं आरशात दिसतंय. पळताना सगळ्यात जास्त काम मात्र पोटरी करते, त्यातही आतला जो चपटा स्नायू असतो, सोलिअस, तो. शरीराच्या वजनाच्या सहापट आणि वर भार त्याच्यावर येतो. तरी काफ रेज म्हटलं की लोक सपाट जमिनीवर दोन्ही पायांवर टकाटक टाचा वर-खाली करतात, पन्नास झाल्या, चला.

असं करा. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर पायाचा पुढचा भाग ठेवायचा, टाच बाहेर मोकळी. एकच पाय, दुसरा मागं दुमडलेला. कठड्याला हात फक्त तोलापुरता, लटकायचं नाही (सगळे लटकतात). टाच पायरीच्या खाली जाऊ द्या, एक सेकंद थांबा, मग पूर्ण वर, अंगठ्याच्या मुळावर, आणि सावकाश खाली. गुडघा ताठ ठेवून एक सेट, गुडघा वाकवून दुसरा, कारण गुडघा वाकला की वरचा मोठा स्नायू ढिला पडतो आणि सोलिअसला काम करावंच लागतं. फिजिओ लोक पळणाऱ्याकडून एका पायावर साधारण पंचवीसची अपेक्षा धरतात. माझे पहिल्या दिवशी उजव्या पायावर चौदा झाले आणि डाव्यावर नऊ, आणि गंमत म्हणजे माझी टाच कायम डावीच दुखायची. पंचवीस जमले की परत तोच नियम, आकडा वाढवायचा नाही, तांदळाची सॅक पाठीला.

घाई मात्र करू नका हं. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस, तिला महिने लागतात. स्नायू म्हणतोय वाढव, शीर म्हणतीय थांब, आणि लोक नेमके या फटीत सापडतात. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं टाच आखडलेली वाटत असेल तर वजन एक पायरी मागं घ्या, व्यायाम पूर्ण बंद करू नका.

मागची बाजू

स्क्वॅट (बैठका), लंज (एक पाय पुढं टाकून खाली बसणं), जोर, हे सगळं पुढच्या बाजूचं. मांडीची मागची बाजू आणि पाठ राहूनच जाते, कारण घरात ओढायला काय नसतंय. मांडीसाठी फरशीवर उताणं झोपा, टाचांखाली टॉवेल, कंबर उचला आणि टाचा हळूहळू लांब सरकवत न्या, कंबर खाली न पाडता. परत येताना जमत नसेल तर कंबर टेकवून पाय जवळ घ्या आणि पुन्हा सरकवा, लांब जातानाचाच भाग खरा कामाचा आहे. हे पहिल्यांदा करताना सहाला गोळा येतो, घाबरू नका, पुढच्या वेळी चार करा. घरात शहाबादी फरशी असेल तर टॉवेल सरकत नाही, मग डब्याची प्लास्टिकची झाकणं उलटी ठेवून बघा.

पाठीसाठी जुनी चादर घ्या, एका टोकाला चांगली मोठी गाठ मारा, ती दाराच्या वरून पलीकडं टाकून दार लावा, कडी घाला आणि मागं झुकून स्वतःला ओढा. इथं एक गोष्ट नीट बघा, दार तुमच्यापासून लांबच्या बाजूला उघडणारं पाहिजे. तुमच्याकडं उघडणारं असेल तर कडी निसटली की तुम्ही चादरीसकट खाली, आणि वरून दार.

प्लँकचं एका ओळीत सांगतो, मिनिटभर नीट जमला की तीन मिनिटांवर नेण्यात अर्थ नाही, कुशीवरचा साइड प्लँक सुरू करा, पळताना कंबर एका बाजूला पडते ती तिथं सावरते.

रविवारी लाँग रन आणि शनिवारी स्ट्रेंथ

हे सगळ्यात जास्त बघितलंय. शनिवारी सुट्टी, वेळ आहे, म्हणून दणकून पाय मारायचे आणि रविवारी पहाटे विद्यापीठाच्या चढावर पाय लाकडासारखे, मग म्हणायचं स्ट्रेंथनं माझा स्पीड गेला. स्ट्रेंथनं नाही गेला, वार चुकल्यानं गेला. नवीन व्यायामाचा ठणका दुसऱ्या दिवसापेक्षा बऱ्याचदा तिसऱ्या दिवशी जास्त असतो. म्हणून अवघड ते अवघडाच्याच दिवशी टाका. मंगळवारी सकाळी इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटूनपालटून पळणं) असेल तर मंगळवारीच संध्याकाळी पाय करा, मध्ये निदान सहा तास जाऊ द्या आणि पोटभर जेवा. बुधवार हलका. दुसरं सेशन गुरुवार किंवा फार तर शुक्रवारी सकाळी. सोपा दिवस सोपाच ठेवायचा, त्यात गुपचूप काही घुसवायचं नाही. एकाच वेळी दोन्ही करावं लागत असेल तर आधी पळा मग पाय करा, कारण आपला मुख्य विषय पळणं आहे. आणि सुरुवातीचे दोन आठवडे फक्त दोन सेट, ठणका किती येतोय ते कळू दे.

याच्याच जोडीला, पावसाळ्यात केलं आणि सीझन सुरू झाल्यावर सोडलं, ही पण आपल्याकडची खास सवय. जून ते सप्टेंबर घरात ताकद कमवायची आणि नोव्हेंबर-डिसेंबरात रेस जवळ आली की वेळ नाही म्हणून बंद, म्हणजे जानेवारीत रेसच्या दिवशी हातात काय राहिलं? कमवायला आठवड्यातले दोन दिवस लागतात पण टिकवायला आठवड्यातून एकदा पुरतं, वजन तेवढंच ठेवून सेट कमी करायचे. शेवटचं जड सेशन रेसच्या सात ते दहा दिवस आधी. रेसच्या आठवड्यात नवीन काही नाही, मित्रानं कितीही भारी व्हिडिओ पाठवला तरी नाही.

खाण्याचं थोडक्यात. व्यायाम करून वर काळा चहा आणि दोन खारी, यानं काय होणार. साठ किलोच्या पळणाऱ्याला दिवसाला साधारण 85 ते 95 ग्रॅम प्रोटीन लागतं. दूधकट्ट्यावरच्या दुधाचा एक मोठा ग्लास म्हणजे नऊ-दहा ग्रॅम, दोन अंडी बारा, बाकी डाळ, उसळ, पनीर, चिकन यातून जमवा. आणि मटणाच्या ताटात नुसता पांढरा-तांबडा भुरकून प्रोटीन मिळत नाही, पीस खायला लागतात.

गुडघा दुखतोय, करू का नको

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. आधी एक भीती काढून टाका, बसताना गुडघा बोटांच्या पुढं गेला म्हणजे पाप नाही, जिना उतरताना रोज जातोय की. दुखणं दहापैकी दोन-तीन असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधी होतं तेवढंच असेल तर चालू ठेवा, फक्त कमी खोल बसा. त्याच्या वर जात असेल तर थोडे दिवस भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं, तीस ते पंचेचाळीस सेकंद, चार-पाच वेळा, न हलता. बऱ्याच जणांचा गुडघा याला शांत होतो. गुडघा सुजला असेल किंवा मध्येच अडकत असेल तर हे काही करत बसू नका, दाखवून या.

नडगीचं मात्र वेगळं आहे. हाडावर एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर दुखत असेल, त्या पायावर एक लंगडी उडी मारली तर कळ येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, तर ते ताकद कमी असल्याचं दुखणं समजू नका. हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं आणि पायाचा व्यायाम त्याच दिवशी बंद करून हाडाच्या डॉक्टरला दाखवा. साध्या एक्स-रेत ती सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे क्लिअर आला की लगेच दुसऱ्या दिवशी बूट घालू नका, दुखतंय हे डॉक्टरांना परत एकदा सांगा आणि पुढची तपासणी लागेल का ते विचारा.