पहिली खेप पोचेपर्यंत : दूरच्या देशाशी व्यापार जोडण्याच्या कामात येणाऱ्यांसाठी

दोन-दोन महासागर मध्ये असलेल्या देशांतल्या व्यापाऱ्यांची गाठ घालून देणं हे गेली सोळा वर्षं माझं काम आहे. सुरुवात एका द्विपक्षीय चेंबरमध्ये, म्हणजे दोन देशांमधल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेत, कनिष्ठ पदावर झाली. पुढे शिष्टमंडळं नेली-आणली, गुंतवणूकदारांबरोबर कारखान्यांच्या जागा पाहत हिंडले, आणि आता नव्याने येणाऱ्यांना शिकवते. अर्थशास्त्र, कायदा, परकीय भाषा, अभियांत्रिकी, कुठूनही माणसं इथे येतात आणि पहिलं वर्ष सगळ्यांचंच गोंधळात जातं. बाहेरून दिसतात त्या सह्या आणि झेंडे. रोजचं काम मात्र एखादी खेप एका गोदामातून निघून हजारो मैलांवरच्या दुसऱ्या गोदामात पोचते की नाही, आणि तिचे पैसे परत येतात की नाही, एवढ्याभोवती फिरत असतं.

आधी अंतराबद्दल सांगते, कारण या कामातला खरा प्रतिस्पर्धी तोच आहे. डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं, की दोन देशांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर घटतो. त्यानंतर अर्थतज्ज्ञांनी हे पुन्हा पुन्हा तपासलं. ढोबळमानाने अंतर दुप्पट झालं की व्यापार निम्म्यावर येतो, असाच हिशेब निघत आला. १९५६ मध्ये पहिलं कंटेनरवाहू जहाज निघालं, मालवाहतूक कमालीची स्वस्त झाली, तरी अंतराची ही पकड सुटलेली नाही.

का सुटत नाही, ते या कामात बसल्यावर कळतं. सांतियागो आणि बीजिंग यांच्यात ११ ते १२ तासांचा फरक आहे. एक बाजू प्रश्न विचारते तेव्हा दुसरी झोपलेली असते, म्हणजे साध्या खुलाशालाही एक दिवस जातो. पाच खुलासे हवे असले की आठवडा गेला. माल समुद्रात असेपर्यंत कुणाचा तरी पैसा त्यात अडकलेला असतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समोरच्याला ओळखणारा कुणीही आपल्या ओळखीचा नसतो. शेजारच्या देशातला खरेदीदार कसा आहे हे दहा जणांना विचारता येतं. दूरच्या देशाबाबत विचारायचं कुणाला? ते विचारण्याचं ठिकाण म्हणजे तुम्ही. तुमची नोकरी खरं तर याच जागेवर उभी आहे.

मला हे कळलं ते तिसऱ्या वर्षी. दोन लहान कारखाने होते, एक यंत्रांचे सुटे भाग बनवणारा, दुसरा ते विकत घेणारा. आठ महिने पत्रव्यवहार चालला, नमुने गेले, भाव ठरला आणि पहिली छोटी खेप रवाना झाली. ती बंदरात अडकली. भागांमध्ये काहीच खोट नव्हती. ते ज्या लाकडी पॅलेटवर रचले होते, त्या पॅलेटवर शिक्का नव्हता. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून आयएसपीएम १५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसपर्यंत तापवून निदान ३० मिनिटं तसाच ठेवायचा, किंवा मान्य असलेली दुसरी प्रक्रिया करायची, आणि मग त्यावर शिक्का मारायचा. शिक्क्यात गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाचा संकेत, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेचं संक्षिप्त नाव असतं. निर्यातदाराने आधी असलेच पॅलेट मागवले होते. ऐनवेळी खोक्यांचा आकार बदलला, जहाजासाठी माल बंदरात पोचवायची मुदत संपत आली होती, म्हणून कुणीतरी साध्या फळ्यांचे चार पॅलेट ठोकून दिले.

पुढचे नऊ दिवस मी फोनवर होते. बंदराचं भाडं रोज चढत होतं. पण त्याहून वाईट गोष्ट दोन्हीकडच्या माणसांच्या मनात चालली होती. विकणाऱ्याला वाटत होतं, भाव पाडायला समोरच्याने हे खुसपट काढलंय. घेणाऱ्याला वाटत होतं, पहिल्याच खेपेला इतका निष्काळजीपणा, तर पुढे काय? दोघेही सरळ माणसं होती. पण न पाहिलेल्या माणसाबद्दल मन आधी वाईटच चिंततं. शेवटी मी तपासणी अधिकाऱ्यांचा अहवाल आणि पॅलेटचे फोटो मिळवले आणि दोघांना एकाच मेलमध्ये, एकाच वेळी पाठवले. त्या दिवशी सूर बदलला. बंदरातच देखरेखीखाली माल प्लास्टिकच्या पॅलेटवर हलवला, लाकूड नष्ट केलं, खर्च दोघांनी वाटून घेतला. पाच महिन्यांनी दुसरी ऑर्डर आली. तेव्हापासून कंटेनरचं दार बंद होण्याआधी पॅलेटवरच्या शिक्क्याचा फोटो मी मागून घेते, कितीही जुना निर्यातदार असो.

म्हणून माझं सांगणं असं, की पहिल्या दोन वर्षांत शक्य तितक्या खेपा अथपासून इतिपर्यंत स्वतः पाहा. कागद वाचायला शिका. मालाचा एचएस कोड, म्हणजे तो कुठल्या वर्गात मोडतो ते सांगणारा आकडा, हा पहिला कागदी दरवाजा. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या या पद्धतीत पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. पहिले दोन प्रकरण सांगतात, पुढचे दोन शीर्षक, त्यापुढचे दोन उपशीर्षक. सहाच्या पुढे प्रत्येक देश आपापले आकडे जोडतो, आणि शुल्क किती बसणार हे बहुतेक वेळा त्या पुढच्या आकड्यांत ठरतं. नवखी माणसं आपल्या देशाचा पूर्ण कोड समोरच्या देशाच्या शुल्कतक्त्यात शोधत बसतात आणि चुकीचा दर सांगून मोकळी होतात. सहा आकडे घ्या, आणि पुढचं त्या देशाच्या तक्त्यात वाचा.

व्यापार करार झाला म्हणजे सवलत आपोआप मिळाली असंही नसतं. माल खरोखर त्या देशात बनला आहे हे मूळदेशाच्या नियमांनुसार सिद्ध करावं लागतं. त्यासाठी कच्चा माल कुठून आला, त्याचा कोड काय, मूल्यात भर किती पडली, याची नोंद लागते. सवलत तीन टक्क्यांची आणि कागदांचा खर्च त्याहून जास्त असेल, तर छोटा निर्यातदार सवलतीवर पाणी सोडतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याला सवलत परवडेल अशी सोय करून देणं हे चेंबरचं काम आहे. मला ते कुठल्याही परिषदेपेक्षा मोलाचं वाटतं.

आता एलसीबद्दल, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटबद्दल, थोडं सविस्तर. ठरलेले कागद सादर झाले की विक्रेत्याला पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची ही हमी. तिचे नियम यूसीपी ६०० या नावाने १ जुलै २००७ पासून लागू आहेत. बँक कागद पाहते, माल पाहत नाही, हे त्याचं मर्म. कागद हातात आल्यावर तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस मिळतात. माल चढवल्यापासून २१ दिवसांत कागद सादर करायचे असतात, एलसीत वेगळी मुदत असेल तर ती पाळायची. इन्व्हॉइसमधलं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे. माल उत्तम, वेळेवर पोचलेला, आणि वर्णनातला एक शब्द वेगळा म्हणून पैसे अडकले, असं मी अनेकदा पाहिलं आहे. उपाय साधा आहे, पण आळसामुळे होत नाही : एलसीचा मसुदा आला की निर्यातदाराला शेजारी बसवा, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा आणि विचारा, हा कागद कोण देणार, कधी देणार, त्यावर नेमकं काय लिहिलेलं असणार? उत्तर डळमळीत आलं तर तिथेच दुरुस्ती मागा. माल निघाल्यावर मागितलेली दुरुस्ती खरेदीदाराच्या मर्जीवर असते.

खर्च आणि जोखीम कुणाची, कुठपर्यंत, हे ठरवणाऱ्या इन्कोटर्म्स २०२० मधल्या ११ अटी पाठ करू नका, चार नीट समजून घ्या. सीआयएफ (किंमत, विमा आणि भाडं) तर नक्कीच. भाडं आणि विमा विक्रेता भरतो म्हणून माल पोचेपर्यंत जोखीमही त्याचीच, असं बहुतेकांना वाटतं. पण जोखीम निघण्याच्या बंदरात माल जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते. हे सौदा ठरताना दोघांना कळलेलं असेल तर पुढची अर्धी भांडणं होतच नाहीत.

आकडेवारीतला एक खाचखळगा लवकर ओळखा. आयटीसीचा (आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राचा) ट्रेड मॅप आणि संयुक्त राष्ट्रांचा कॉमट्रेड हे व्यापाराच्या आकडेवारीचे साठे उघडून एका देशाची निर्यात आणि दुसऱ्याची तीच आयात शेजारी ठेवलीत, तर ती जुळत नाही. निर्यात सहसा एफओबी मूल्यावर, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीवर, नोंदतात आणि आयात सीआयएफवर, म्हणजे भाडं-विमा धरून. शिवाय रॉटरडॅम किंवा सिंगापूरमार्गे गेलेला माल एका बाजूच्या नोंदीत त्या बंदराच्या देशाच्या नावावर बसतो. दोन राजदूतांच्या टिपणांत दोन वेगळे आकडे येतात आणि बैठक त्यातच संपते. दोन्ही आकडे ठेवा आणि फरक कशाने पडला ते खाली लिहा.

दूरचे देश खरंच जवळ येतात का, असं मुलं विचारतात. येतात. जपान आणि ऑस्ट्रेलिया यांनी ६ जुलै १९५७ रोजी हाकोने इथे व्यापार करार केला, तेव्हा महायुद्ध संपून १२ वर्षंच झाली होती आणि ऑस्ट्रेलियात जपानबद्दल कडवटपणा ताजा होता. लोहखनिजाच्या निर्यातीवर १९३८ पासून असलेली बंदी ऑस्ट्रेलियाने १९६० मध्ये सैल केली. मग जपानी पोलाद गिरण्यांनी दीर्घ मुदतीचे खरेदी करार केले. त्या करारांच्या जोरावर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराच्या वैराण प्रदेशात खाणी, रेल्वे आणि बंदरं यांना कर्ज मिळालं, आणि १९६६ मध्ये तिथून खनिजाची जहाजं निघाली. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी करार, मग अनेक वर्षांच्या खरेदीची हमी, आणि त्या हमीवर गुंतवणूक.

चिली आणि चीन यांचा मुक्त व्यापार करार २००६ मध्ये लागू झाला. दक्षिण गोलार्धात चेरी पिकते ती नेमकी चिनी नववर्षाच्या आधी. खास जलद जहाजं सुमारे २३ दिवसांत ती पोचवू लागली. आज चिली निर्यात करते त्यातली साधारण ९० टक्के चेरी चीनला जाते. इथे अंतरावर मात केली ती थंड साखळीने, म्हणजे बागेपासून बाजारापर्यंत माल सलग थंड ठेवण्याच्या सोयीने, आणि वेळापत्रकाने. पण याची दुसरी बाजूही नवख्यांना दाखवते. २०२५ च्या जानेवारीत हजारांहून जास्त कंटेनर चेरी घेऊन निघालेलं एक जहाज इंजिन बिघडून प्रशांत महासागरात खोळंबलं आणि नववर्ष उलटून गेल्यावर पोचलं. एकच बाजार, एकच हंगाम, एकच सण. असा व्यापार जोडून दिलात की दुसरा बाजार शोधायचं कामही लगेच हाती घ्या.

गुंतवणुकीचं काम संथ असतं. व्यापार न करता थेट कारखाना टाकायला आलेले दूरचे गुंतवणूकदार मला फार थोडे भेटले. बहुतेक जण आधी काही वर्षं माल विकतात, मग गोदाम घेतात, मग जुळणी सुरू करतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात : नफा मायदेशी नेता येईल का, दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे का, अभियंत्यांना व्हिसा किती दिवसांत मिळतो, तंटा झाला तर कुठे सोडवायचा. शेवटच्या प्रश्नासाठी १९५८ चा न्यूयॉर्क करार वाचा, त्यामुळे लवादाचा निवाडा १७० हून जास्त देशांत बजावून घेता येतो. द्विपक्षीय गुंतवणूक करारांची सुरुवात १९५९ मध्ये जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यापासून झाली, पण तुमच्या दोन देशांमधला आज अमलात आहे की रद्द झालाय हे दर वेळी तपासा. कारखाना उभा राहिल्यावर त्या माणसाला विसरू नका. विस्ताराचा पैसा बहुतेक वेळा आधीच आलेल्या गुंतवणूकदाराकडूनच येतो.

शिष्टमंडळांबद्दल माझं मत कडक आहे. एका दौऱ्यात आम्ही चाळीस जण नेले, सामंजस्य करारांचा ढीग झाला, फोटो छापून आले. वर्षभराने मी प्रत्येकाला फोन केला, तर एकाही करारातून माल हललेला नव्हता. त्यानंतर मी सहा-सात जणांपेक्षा जास्त नेत नाही. प्रत्येकासाठी तिथले तीन खरेदीदार आधी फोनवर बोलून ठरवते आणि परतल्यावर दहा दिवसांत प्रत्येक बैठकीचा पाठपुरावा करते. कॅनडाने १८९४ मध्ये व्यापार आयुक्त सेवा सुरू केली, तेव्हा पहिला माणूस पाठवला तो थेट सिडनीला, जगाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे राहून बाजार पाहणारा एक माणूस काय करू शकतो हे तेव्हापासून ठाऊक आहे. जपानची जेट्रो, कोरियाची कोट्रा, चिलीची प्रोचिले या व्यापार वाढवणाऱ्या सरकारी संस्था याच विचारावर उभ्या आहेत आणि त्यांच्या कचेऱ्यांमधून उमेदवारीची कामं निघत असतात. फॉरवर्डरकडे, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था लावणाऱ्याकडे, किंवा बँकेच्या व्यापार विभागात एक वर्ष काढून आलेला उमेदवार मला नुसत्या पदवीधरापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

माझ्याकडे कुणी नवीन आलं की पहिले दोन आठवडे एकच काम देते. दोन दूरचे देश निवडा, एक वस्तू निवडा. तिचा सहा आकडी कोड, दोन्हीकडचं शुल्क, मूळदेशाचा नियम, लागणारे दाखले, पॅकिंगच्या अटी, जहाजाचा मार्ग आणि दिवस, पैसे कसे आणि केव्हा मिळणार, हे सगळं एका फाइलमध्ये उतरवा. मग त्या वस्तूच्या एका निर्यातदाराला आणि एका फॉरवर्डरला फोन करा आणि फाइलमधलं काय चुकलंय ते विचारा. चुका लाल शाईने तशाच ठेवा. मुलाखतीला जाल तेव्हा ती फाइल बरोबर न्या. समोर या कामातला माणूस बसलेला असेल, तर तो आधी लाल शाईची पानं उघडेल.