डिस्ट्रिक्ट हीटिंग: मीटरचे आकडे वाचताना या चुका टाळा

एका केंद्रात पाणी तापवून ते जमिनीखालच्या पाइपांतून अनेक इमारतींना पुरवायचं, इमारतीने उष्णता काढून घेतली की गार झालेलं पाणी परत आणायचं, ही झाली डिस्ट्रिक्ट हीटिंग. प्रत्येक इमारतीतला हीट मीटर प्रवाह आणि जाता-येतानाचं तापमान मोजतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार हे मीटर १ जानेवारी २०२७ पर्यंत दुरून वाचता यायला हवेत (परवडत नसल्याचं सिद्ध केलं तरच सूट). म्हणजे आकडे भरपूर, पण बऱ्याच ठिकाणी ते बिल काढण्यापुरतेच वापरले जातात.

फक्त किलोवॅट-तास बघणं

एक घनमीटर पाणी १ अंशाने गार झालं की साधारण १.१६ किलोवॅट-तास उष्णता मिळते. ८० अंशांचं पाणी ४० वर परतलं तर घनमीटरमागे सुमारे ४६ किलोवॅट-तास, ६० वर परतलं तर निम्मेच. बिलात फरक दिसत नाही, पण जाळ्यातून दुप्पट पाणी फिरवावं लागतं. सगळ्या जाळ्याचा प्रवाह दुप्पट झाला तर पंपांची वीज साधारण आठपट होते. शिवाय परतीचं पाणी (रिटर्न) गरम असलं की कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणारा) आणि हीट पंप दोघांचीही कार्यक्षमता घसरते.

सर्वांत गरम रिटर्नवाल्याला आधी पकडणं

ही चूक हुशार माणसंही करतात. समजा पुरवठा ८० अंशांचा आणि रिटर्नचं लक्ष्य ४०. एका छोट्या घराने महिन्यात ५०० किलोवॅट-तास घेतले, रिटर्न ७०. शेजारच्या मोठ्या इमारतीने १०,००० घेतले, रिटर्न ६०. यादीत घर वर दिसेल. पण लक्ष्य गाठलं असतं तर किती पाणी पुरलं असतं ते काढा आणि प्रत्यक्ष वापरातून वजा करा. घराचं जादा पाणी सुमारे ३२ घनमीटर निघतं, इमारतीचं २१५. दुरुस्तीचा माणूस आधी कुठे पाठवायचा ते इथेच ठरतं. स्वीडनमध्ये जादा प्रवाहाचा हा हिशेब चांगला रुळलेला आहे.

तापमानांची साधी सरासरी

प्रवाह थांबला की सेन्सर साचलेल्या पाण्याचं तापमान सांगतो, आणि ते सरासरीत मिसळलं की चित्र बिघडतं. त्याऐवजी एकूण उष्णतेला एकूण घनमीटरांनी आणि मग १.१६ ने भागा. खरा तापमानफरक मिळेल. छोट्या घरांचे मीटर ताशी आकडा पूर्ण किलोवॅट-तासात देत असतील तर एका तासावरून निष्कर्ष काढू नका. जाळ्याचा ताशी तोटा (केंद्राने पाठवलेली उष्णता वजा इमारतींनी घेतलेली) ऋण आला तर आधी मीटरची घड्याळं तपासा.

तक्रार आली की पुरवठ्याचं तापमान चढवणं

एका इमारतीसाठी सगळं जाळं तापवलं की पाइपांतला तोटा वाढतो आणि मूळ दोष झाकला जातो. त्याच इमारतीचा आलेख उघडा. प्रवाह सतत वर-खाली उड्या मारतोय? कंट्रोल व्हॉल्व्ह गरजेपेक्षा मोठा असेल किंवा कंट्रोलरची सेटिंग चुकलेली असेल. बाहेरची थंडी वाढूनही वापर हलत नाही? बाहेरचा सेन्सर किंवा कंट्रोलर बघा. रिटर्न महिनोन्‌महिने हळूहळू चढतोय? एक्स्चेंजरमध्ये (जाळ्याच्या पाण्यातली उष्णता इमारतीच्या पाण्याला देणारं उपकरण) क्षार साचले असतील. उन्हाळ्यात रात्रीही मोठा प्रवाह? बायपास (पाण्याला उष्णता न देताच परत पाठवणारी आडवाट) उघडा राहिलेला असू शकतो. मात्र नळाच्या गरम पाण्याच्या फिरत्या लाइनीला लेजिओनेला या जिवाणूच्या धोक्यामुळे गरम ठेवावंच लागतं, म्हणून उन्हाळ्यातला थोडा गरम रिटर्न हा दोष मानू नका.

दुरुस्तीनंतर तुलना करताना बाहेरचं तापमान सारखं असलेले दिवसच घ्या. नाहीतर सौम्य हिवाळ्याचं श्रेय व्हॉल्व्हला मिळतं.

शेवटची अडचण तांत्रिक नाही. दोषी व्हॉल्व्ह बहुतेकदा ग्राहकाच्या मालकीचा असतो, आणि पुरवठादाराला तिथे हात घालता येत नाही. डेन्मार्कमध्ये अनेक पुरवठादार गार रिटर्नवर सवलत आणि गरम रिटर्नवर जादा आकार लावतात. मग प्लंबरला ग्राहकच बोलावतो.