इंग्लंडच्या जुन्या काउंटी-नकाशावरील खुणा कशा वाचाव्यात

बालाघाटची डोंगररांग सोळाव्या शतकातल्या एखाद्या इंग्रज नकाशाकाराने काढली असती, तर बीडपासून अंबाजोगाईपर्यंत त्याने खळ्यावरच्या राशींसारखे लहान लहान उंचवटे ओळीने मांडले असते, प्रत्येकाच्या एका अंगाला सावलीच्या रेघोट्या ओढल्या असत्या आणि तेवढ्यावर आपले काम पुरे झाले असे मानले असते. काउंटी म्हणजे इंग्लंडमधला जिल्हा. या जिल्ह्यांच्या जुन्या नकाशांच्या स्वच्छ प्रती आता मराठवाड्यातल्या कोणत्याही अभ्यासकाला घरबसल्या संगणकावर पाहता येतात. पण तलाठ्याकडचा गाव नकाशा वाचायच्या सवयीने त्या वाचू गेल्यास फसगत होते. म्हणून प्रत्येक खुणेपाशी थांबून एक प्रश्न विचारावा: ही खूण जागा दाखवते, प्रकार दाखवते, की केवळ शोभेसाठी आहे?

सर्वप्रथम नकाशा कोणाचा व कधीचा ते पाहावे, कारण त्यावर काय असणार आणि काय नसणार हे बरेचसे त्यावरच ठरते. ख्रिस्टोफर सॅक्स्टन याने इंग्लंड आणि वेल्समधल्या काउंट्यांची पाहणी करून १५७९ मध्ये त्यांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात काउंट्यांचे ३४ नकाशे होते. काही पानांवर एकच काउंटी, तर काहींवर अनेक काउंट्या एकत्र असल्यामुळे (केंट, ससेक्स, सरे आणि मिडलसेक्स या चार एकाच पानावर आहेत) प्रत्येक पानाचे प्रमाण वेगळे आहे. तेव्हा दोन पाने शेजारी ठेवून काउंट्यांच्या आकारांची तुलना करू नये. सॅक्स्टनने खुणांचा अर्थ सांगणारी सूचीही दिलेली नाही. ती सोय जॉन नॉर्डनने १५९३ च्या मिडलसेक्सच्या नकाशात केली आणि त्याच नकाशात रस्तेही दाखवले. जॉन स्पीडचा संग्रह १६११-१२ मधला; दुसऱ्याच्या पिकात आपण विळा घातला हे त्याने स्वतःच कबूल केले होते, त्यामुळे सॅक्स्टनच्या खुणा त्याच्याकडे पुन्हा भेटतात. कोपऱ्यांत शहरांचे छोटे आराखडे मांडणे ही मात्र स्पीडची ओळख होय.

डोंगरांविषयी एवढे ध्यानात ठेवावे की राशीसारखी ती आकृती ‘येथे चढ आहे’ इतकेच सांगते. उंची किती, उतार कोणत्या बाजूला तीव्र, माथा सपाट की टोकदार, यांपैकी काहीही तिच्यावरून काढता येत नाही. उंच डोंगराची आकृती थोडी मोठी असते, पण तीही नेमाने नव्हे. राशींच्या मधली मोकळी जागा म्हणजे खिंड, असेही समजू नये. (आपल्याकडचा देवगिरीचा किल्ला मात्र या पद्धतीने काढला असता तर जवळजवळ हुबेहूब उतरला असता.)

गावांच्या खुणा वाचताना अधिक काळजी लागते. लहान गावासाठी एक वर्तुळ आणि त्याला चिकटून चर्चचा मनोरा, बाजाराच्या गावासाठी घरांचा व मनोऱ्यांचा छोटा पुंजका, मोठ्या शहरासाठी दाट पुंजका, अशी सर्वसाधारण चढती रीत असते. चित्रातले चर्च त्या गावच्या चर्चसारखे असेलच असे नाही, कारण छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर नकाशा कोरणारा कारागीर एकच आकार शेकडो वेळा कोरत असे. गावाची खरी जागा त्या बारीक वर्तुळाची असते. मी स्वतः पहिल्यांदा अंतर मोजू लागलो तेव्हा मनोऱ्याच्या टोकापासून टोकापर्यंत मोजत गेलो, दोन गावांतले अंतर काही केल्या जुळेना, आणि भिंगाखाली पाहिल्यावर वर्तुळ दिसले. मनोऱ्याचे टोक वर्तुळाच्या बरेच वर आणि लहानमोठ्या खुणांत कमीजास्त उंचीवर येते, म्हणून चूक प्रत्येक वेळी वेगळी येत होती.

नद्या ठळक काढलेल्या असतात आणि त्यांची रुंदी प्रमाणात नसते. नावापुढे ‘फ्लू’ असे आखूड अक्षर दिसले तर ते नदी या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे संक्षिप्त रूप समजावे. नदीवर आडव्या ओढलेल्या दोन लहान रेघा म्हणजे पूल, आणि सॅक्स्टन व स्पीड यांच्या नकाशांत या पुलांना फार मोल आहे, कारण त्यांत रस्ते नाहीतच. त्या काळी इंग्लंडात रस्ते नव्हते असा याचा अर्थ होत नाही. नकाशा जमीनदार, राज्यकर्ते आणि सीमा यांच्यासाठी काढला जात होता, वाटसरूसाठी नव्हे. पूल जोडत गेल्यास मोठ्या वाटांचा अंदाज बांधता येतो. रस्त्यांचे चित्र बदलले ते जॉन ऑगिल्बीने १६७५ मध्ये चाकाने अंतर मोजून काढलेल्या १०० पट्टी-नकाशांमुळे, म्हणजे रस्ता लांब पट्ट्यांत मांडणाऱ्या नकाशांमुळे. ते खालून वर वाचायचे असतात, प्रत्येक पट्टीवर उत्तर दिशा वेगळी असते, आणि वाटेत उतार असेल तर डोंगर चक्क उलटा काढलेला असतो. त्यानंतरच्या काउंटी-नकाशांत रस्ते सर्रास येऊ लागले, इतकेच नव्हे तर स्पीडच्या जुन्या तांब्याच्या पत्र्यांवरही पुढच्या छापणाऱ्यांनी रस्ते कोरून घातले. म्हणून स्पीडच्या नकाशावर रस्ते दिसले तर ती प्रत उशिराची समजावी.

अंडाकार कुंपणाची खूण, आत चारदोन झाडे, म्हणजे हरणांसाठी राखलेले उपवन. राजाचे किंवा सरदाराचे असे उपवन ही प्रतिष्ठेची गोष्ट असल्याने या खुणा मन लावून काढलेल्या दिसतात. ‘फॉरेस्ट’ या शब्दाने मात्र मराठी वाचक हमखास चकतो. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात त्याचा अर्थ राजाच्या शिकारीसाठी राखीव प्रदेश असा होता, तेथे झाडी असो वा नसो. डार्टमूरसारखा उघडा माळही फॉरेस्ट म्हणवला जाई. तेव्हा झाडी होती की नाही हे झाडांच्या चित्रावरून ठरवावे, शब्दावरून नव्हे.

ठिपक्यांच्या रेषांनी काउंटीचे जे तुकडे पाडलेले असतात त्यांना बहुतेक ठिकाणी ‘हंड्रेड’ म्हणतात. शंभर या आकड्याशी नकाशा वाचताना त्याचा संबंध लावू नये. आपल्या जुन्या परगण्यासारखा तो एक विभाग होय. यॉर्कशायर व लिंकनशायरमध्ये त्यालाच ‘वापनटेक’ म्हणत. एखाद्या काउंटीच्या पोटात दुसरीचा तुकडा दिसला तर ती छापण्याची चूक नसते: डडली हे गाव स्टॅफर्डशायरने वेढलेले असून वुस्टरशायरचे होते. बार्शीच्या आसपास निजामी आणि इंग्रजी मुलूख एकमेकांत कसे गुंतले होते हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना हे नवल वाटणार नाही.

मैलांची पट्टी वाचताना आपला कोस आठवावा. एका गावचा कोस दुसऱ्या गावच्या कोसाएवढा नसे, तसाच इंग्रजी मैलही होता. १५९३ च्या कायद्याने १७६० यार्डांचा मैल ठरला, तरी चालीरीतीतले लांब मैल पुढेही शंभरेक वर्षे टिकून राहिले. रॉबर्ट मॉर्डनच्या १६९५ च्या नकाशांवर म्हणूनच मोठा, मधला आणि लहान अशा तीन मैलांच्या पट्ट्या एकाखाली एक दिसतात. अंतर मोजण्याआधी तीन ज्ञात गावांमधली आजची अंतरे घेऊन कोणती पट्टी जुळते ते तपासावे. पट्टीवर ठेवलेले कर्कटकाचे सुंदर चित्र, समुद्रातली गलबते आणि जलचर, शीर्षकाभोवतीची नक्षीदार चौकट ही सगळी शोभा समजून पुढे जावे.

रंग छापलेला नसतो, हाताने भरलेला असतो, आणि तो कधी भरला हे वेगळे प्रकरण आहे. मूळ कागद हाती असेल तर तो उलटा करून पाहावा: तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागदाला खातो आणि मागे तपकिरी डाग उमटतो. डाग नसल्यास रंग अलीकडचा असण्याची शक्यता वाढते. नावे वाचताना ‘एफ’सारखे दिसणारे अक्षर बहुधा लांब ‘एस’ असते, हेही विसरू नये.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले नकाशे निराळ्या हिशेबाने वाचावे लागतात. लंडनमधल्या कला-उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या सोसायटीने एका मैलाला एक इंच या प्रमाणाच्या नव्या पाहणीसाठी १७५९ मध्ये बक्षीस जाहीर केले, आणि डेव्हनच्या नकाशासाठी ते बेंजामिन डन याला मिळाले. तो नकाशा १७६५ चा आहे. हळूहळू राशी जाऊन उताराच्या दिशेने ओढलेल्या बारीक रेघा आल्या. रेघा जितक्या दाट व जाड तितका उतार तीव्र. १८०१ मध्ये केंटचा सरकारी पाहणीवरचा नकाशा निघाला तेव्हा तो याच पद्धतीचा होता.

सरावासाठी केंटच घ्यावे. सॅक्स्टनचे पान आणि १८०१ चा नकाशा शेजारी उघडावेत, मेडवे नदीवरचा रॉचेस्टरचा पूल दोन्हींत शोधावा, आणि तेथून नदी धरून मेडस्टनपर्यंत जावे. वाटेत जी खूण पहिल्यात आहे आणि दुसऱ्यात नाही, किंवा उलट, तिची नोंद एका वहीत करीत जावी. मूळ कागदावर पेन्सिलही टेकवू नये.