कॉलेज हिरवं करायचंय? आधी रात्रीचं मीटर वाचा

सव्वीस वर्षं झाली, मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक आहे. मुलं काका म्हणतात. नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, टीम यायची झाली की ग्रीन ऑडिटची (वीज, पाणी, कचऱ्याच्या तपासणीची) फाईल माझ्याच टेबलावर येऊन पडते, कारण कुठला नळ कधीपासून गळतोय हे मला तोंडपाठ असतं. दुसऱ्या कॉलेजांतले एनएसएसवाले अधूनमधून विचारतात, 'काका, सुरुवात कुठून करायची?' त्यांच्यासाठी हे.

रोपं, पोस्टर, सायकल रॅली सगळं नंतर. आधी रात्रपाळीच्या वॉचमनला चहा पाजा आणि एक वही द्या. रात्री दहाला आणि सकाळी सहाला विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे लिहायचे. आठ दिवस. त्या वेळात कॉलेजात मांजरांशिवाय कोणी नसतं, तरी मीटर फिरतं. कशाने फिरतं, एवढंच शोधायचं. मोठ्या जोडणीच्या मीटरला गुणक असतो, तो बिलावर छापलेला असतो. आकड्यांतल्या फरकाला त्याने गुणा. मी विसरलो आणि 'रात्रीत फक्त दोन युनिट जळतात' असं प्राचार्यांना छातीठोकपणे सांगून आलो. खरे निघाले ऐंशी.

आमच्याकडे सापडलं ते असं: प्रत्येक मजल्यावरचा वॉटर कूलर रात्रभर भुतांसाठी पाणी गार करत होता. कॉम्प्युटर लॅबचे मॉनिटर चालू. टाकी भरली की पाणी थांबवणारा गच्चीवरचा फ्लोट अडकलेला, म्हणजे पंप सुरू की टाकी ओसंडणार. भातसा-तानसाच्या धरणांतून आलेलं पाणी थेट गटारात. कूलरना टायमर लावले, संध्याकाळी सातला बंद, पहाटे सहाला चालू. सकाळच्या लेक्चरला पाणी गारच मिळतं, त्यामुळे कुणाला कळलंही नाही.

एक मात्र सांभाळा. मायक्रोबायोलॉजीच्या फ्रीजला आणि इन्क्युबेटरला हात लावायचा नाही. आमच्या एका उत्साही स्वयंसेवकाने शनिवारी जाताना मजल्याचा मेनच खाली ओढला. सोमवारी त्या मॅडम जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हापासून बंद करायच्या बटणांवर हिरवी टिकली आणि बाकीच्यांवर लाल.

पंख्यांचा हिशेब सोपा आहे. जुना पंखा 70 ते 75 वॉट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा 28 ते 35. दहा पंखे आठ तास फिरले तर दिवसाला तीनेक युनिट वाचतात. पण ज्या वर्गात सकाळी ज्युनिअर आणि दुपारी डिग्री बसते, तिथले आधी बदला. सेमिनार हॉलचे बदलून फोटो छान येतो, बिल तेवढंच राहतं.

आता माझ्या प्रांतात या. डिस्टिल्ड वॉटर बनवताना वाफ थंड करायला नळ सतत सोडलेला असतो. त्याच्या निचऱ्याच्या नळीखाली बादली ठेवा आणि घड्याळ लावा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दहा लिटरहून जास्त पाणी बेसिनमध्ये जातं, कारण वाफेच्या पोटातली उष्णता प्रचंड असते. आम्ही एक निळा ड्रम आणि डेझर्ट कूलरचा छोटा पंप आणला. तेच पाणी फिरतं. कोमट झालं की लादी पुसायला काढायचं आणि ताजं भरायचं. गाळणीच्या वेळी नळाच्या धारेवर चालणारा सक्शन पंप वापरत असाल, तर तोही काढा आणि विभागात मिळून एक व्हॅक्युम पंप घ्या.

टायट्रेशनला (थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजायच्या प्रयोगाला) 25 मिलीऐवजी 10 मिलीचं पिपेट चालतं का, हे विभागप्रमुखांना विचारा, रसायन कमी लागतं. ते आधी नाही म्हणतील, महिन्याने पुन्हा विचारा. सिल्व्हर नायट्रेटचं उरलेलं द्रावण तर ओतूच नका. मिठाचं पाणी घातलं की पांढरा सिल्व्हर क्लोराइड खाली बसतो, तो साठवा. चांदी आहे ती. क्रोमियमचं आणि सॉल्व्हंटचं कॅन वेगवेगळं ठेवा, चिठ्ठी लावा. असा घातक कचरा घेणारी अधिकृत सोय तळोज्याला आहे.

कॅन्टीनचा कचरा आठवडाभर वजन करून घ्या. 2016 च्या घनकचरा नियमांत दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणारी संस्था कचऱ्याची मोठी उत्पादक धरली जायची आणि कॉलेजंही त्यात यायची. खत करायचं असेल तर मुंबईची अडचण जुलैत कळते: खड्डा चिखल होतो, वास सुटतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात. ओल्या कचऱ्यावर सुकी पानं हवीत आणि पावसाळ्यात सुकी पानं कुठून आणणार? म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडणाऱ्या मावशींना सांगून पानं जाळू देऊ नका, गोणीत भरून जिन्याखाली ठेवा. चहाचा चोथा उत्तम. पाव अजिबात नको, घुशी येतात. खड्ड्याला बारीक जाळी हवीच.

पावसाचं पाणी साठवण्याबद्दल फार स्वप्नं बघू नका. मुंबईत वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे हजार चौरस मीटर गच्चीवर वीस लाख लिटर, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. एवढी टाकी कोण बांधणार? फ्लशपुरतं घ्या, उरलेलं बोअरवेलमध्ये सोडा. पहिल्या सरींचं मात्र बाहेर जाऊ द्या, गच्चीवर कबुतरं असतात. आणि कॉलेज खाडीलगतच्या भरावावर असेल तर पाणी जिरवायचा शोषखड्डा खणण्याआधी चाचणीचा खड्डा घ्या; कित्येक ठिकाणी हातभर खाली पाणी लागतं.

झाडं लावाल तर ताम्हण, बकुळ, करंज. त्याआधी असलेल्या झाडांच्या बुंध्याशी घट्ट बसवलेले पेव्हर ब्लॉक मीटरभर तरी काढा. हे मे महिन्याच्या सुट्टीत उरकतं. फांदी छाटायची तर महापालिकेची परवानगी लागते.

आणि ती वही जाड पुठ्ठ्याची घ्या. आमच्या वॉचमनच्या केबिनचं छप्पर पावसात गळतं, पहिल्या वहीचे जुलैचे आकडे वाचताच येत नाहीत.