नायजेरियाचा अर्थसंकल्प कसा तपासावा
आधी तीन गृहीतके शोधा: तेलाचा भाव, त्याचे रोजचे उत्पादन, नायराचा (तिथल्या चलनाचा) विनिमय दर. 2025 साठी ती होती पिंपाला 75 डॉलर, 20.6 लाख पिंपे आणि डॉलरला 1,500 नायरा. भाव आणि उत्पादनाचा गुणाकार करा, 365 दिवसांचे साधारण 5,639 कोटी डॉलर होतात. ही रक्कम सरकारी उत्पन्न समजू नका, इथेच बहुतेकांची चूक होते. त्यातून उत्पादनखर्च आणि कंपन्यांचा वाटा जातो. उरलेल्यात राज्ये व स्थानिक संस्थाही वाटेकरी असतात.

मग भाव 10 डॉलरने उतरवून पाहा: 752 कोटी डॉलर गायब! उत्पादनाचा आकडा तर आणखी कापून धरा, कारण नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात तेलवाहिन्या फोडून तेल चोरले जाते. शेवटी कर्जाचे व्याज वजा करा. ते टाळता येत नाही, म्हणून कात्री रस्ते-विजेच्या भांडवली खर्चाला लागते आणि वाढ खुंटते.