एका इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं: ‘चेक’ घेऊन करून बघा

इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करत बसण्यात काही राम नाही असं माझं ठाम मत आहे, त्यापेक्षा एक रोजचा शब्द घ्यायचा आणि तो कुठून आला, वाटेत त्याला एवढे अर्थ कसे चिकटले हे शोधायचं, एकदा ते कळलं की अर्थ आपोआप डोक्यात राहतात. आज ‘चेक’ घेऊ.

डिक्शनरी लगेच उघडू नका. आधी कागदावर तुम्ही स्वतः हा शब्द कुठे कुठे वापरता ते लिहून काढा. मेल चेक कर, चेक्सचा शर्ट, चेक वटला का, हॉटेलचं चेक-इन, बुद्धिबळात चेक दिला, मुलुंड चेकनाका, आणि अमेरिकेत कोणी नातेवाईक असेल तर त्यांच्याकडे जेवण झाल्यावर वेटरकडे मागतात तोही चेक, म्हणजे बिल. आता ह्यात एकमेकांशी काही संबंधच नाही असं वाटेल, वाटू द्या.

मग स्पेलिंग बघा. हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे कारण देवनागरीत सगळं ‘चेक’च दिसतं. तपासायचा चेक के ने संपतो, बँकेचा चेक ब्रिटिश आणि आपल्याकडच्या पद्धतीत क्यू-यू-ई ने संपतो, आणि चेक प्रजासत्ताकातला चेक तर सी-झेडने सुरू होतो, तो एका लोकांच्या नावावरून आलाय, त्याचा बाकीच्यांशी काही संबंध नाही, त्याला यादीतून काढून टाका.

आता डिक्शनरी. मोबाईलवरच्या छोट्या डिक्शनऱ्या फक्त अर्थ देतात, त्या इथे कामाच्या नाहीत. एटिमॉनलाइन ही फुकट साइट आहे, तिथे शब्दाचं मूळ आणि कुठला अर्थ साधारण कधी दिसायला लागला ते दोन्ही मिळतं. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी लायब्ररीत मिळाली तर सोडू नका, तिच्यात प्रत्येक अर्थाखाली जुन्या लिखाणातली वाक्यं सालासकट दिलेली असतात. तिथे अर्थ वरून खाली वाचायचे, पण नजर सालांवर ठेवायची, कारण आज सगळ्यात जास्त वापरात असलेला अर्थ सगळ्यात जुना असेलच असं नाही.

आणि इथेच मजा येते. ‘चेक’चा सगळ्यात जुना अर्थ तपासणं नाहीच, बुद्धिबळातला आहे! फारसीतला ‘शाह’, म्हणजे राजा. खेळ आपल्याकडून इराणात गेला, तिथून अरबांकडे, मग युरोपात, आणि राजावर हल्ला केला की ‘शाह!’ म्हणून सांगायची पद्धतही बरोबर गेली. लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून जाता जाता त्या शाहचा ‘एशेक’ झाला आणि इंग्रजीत ‘चेक’. चेस हे नावसुद्धा त्याच एशेकच्या अनेकवचनातून आलंय. राजाला चेक बसला की बाकी सगळं सोडून आधी राजा वाचवायचा, म्हणून चेक म्हणजे अचानक आलेली अडवणूक, मग लगाम, मग कोणी गैरकारभार करू नये म्हणून ठेवलेली देखरेख, आणि त्यातून पडताळणी. चेकनाक्यावर बघा, गाडी आधी अडवतात आणि मग कागद तपासतात, दोन्ही अर्थ एकाच जागी उभे आहेत.

शर्टाची वाट थोडी वेगळी. फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला त्याच मुळातून ‘एशेकिए’ म्हणायचे, त्यावरून चौकटींच्या नक्षीला चेकर आणि पुढे छोटं होऊन चेक. १२व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशोब एका १० फूट बाय ५ फूट टेबलावर व्हायचा, त्यावर रेघा मारलेलं काळं कापड अंथरलेलं असायचं आणि रकान्यांमध्ये सोंगट्या सरकवून पैसे मोजायचे. ते पटासारखं दिसायचं म्हणून त्या खात्याचंच नाव एक्सचेकर पडलं, आजही ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात. बँकेचा चेक मात्र तपासणीतून आलाय, लबाडी पकडायला पुस्तकात मागे उरणारा जो तुकडा असतो त्याला आधी चेक म्हणायचे, नंतर नाव कागदालाच लागलं, आणि ते क्यू-यू-ईचं स्पेलिंग ह्या एक्सचेकरच्या प्रभावाने आलं. अमेरिकेत अजूनही साधं के चंच स्पेलिंग आहे.

एवढं झालं की मराठी कोशही उघडा, ही पायरी लोक हमखास गाळतात. मोल्सवर्थचा कोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात ‘शह’ बघा. शह देणे, शहकाटशह, मात करणे, हे सगळं त्याच फारसीतून आपल्याकडे आलंय, आणि चेकमेट म्हणजे मुळात ‘शाह मात’. म्हणजे शह आणि चेक हे सख्खे भाऊच, एक फारसीतून थेट आपल्या घरी आला आणि दुसरा युरोप फिरून इंग्रजांबरोबर आला.

एक धोका सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्युत्पत्तींवर विश्वास ठेवू नका, विशेषतः आद्याक्षरं जोडून शब्द झाला असं सांगणाऱ्या. न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ हे शाळेतसुद्धा सांगतात, पण तो ‘न्यू’ म्हणजे नवीन ह्याच शब्दापासून झालाय, नव्या गोष्टी, बस. आद्याक्षरांपासून शब्द करायची चाल मुख्यतः २०व्या शतकातली, त्यामुळे जुन्या शब्दाची अशी गोष्ट आली की आधी साल बघायचं.

पुढचा शब्द म्हणून ‘मॅच’ घ्या. क्रिकेटची मॅच आणि कुंडली मॅच होणं एका मुळाचं, जुन्या इंग्रजीत जोडीदार असा अर्थ होता. मॅचबॉक्समधली मॅच वेगळीच, ती जुन्या फ्रेंचमधल्या दिव्याच्या वातीवरून आली. चांगल्या डिक्शनरीत अशा वेळी शब्दाच्या डोक्यावर छोटे १, २ आकडे घालून दोन वेगळ्या नोंदी केलेल्या असतात, ते आकडे दिसले की समजायचं की इथे एक शब्द नाही, दोन आहेत, आणि मूळही दोनदा शोधावं लागणार.